घाटावर गेलेली घोडी

आमच्या वाडीत एक घोडी होती असं सांगितलं की पाहुणे हसतात. तारकर्लीला माणसं येतात ती मासे खायला, समुद्रात डुंबायला. माडांच्या बागेत, वाळूत, लाटांपासून हाकेच्या अंतरावर घोडी कुठून आली, असं त्यांना वाटतं. कुणी फारच खोदून विचारलं तर मी थोडंफार सांगते आणि चहा ठेवायला आत जाते. सगळं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तिला नाव होतं, पण ते हाक मारण्यापुरतं होतं. कागदावर उतरवायला मन होत नाही.

मी पुण्यात नोकरीला होते. रविवारी हौस म्हणून घोडेस्वारी शिकायला जाऊ लागले आणि दोन-तीन वर्षांत त्याच क्लबात शिकवायला लागले. नोकरी सुटली, घोडे राहिले. आमच्याकडे जुनी रीत होती. घोड्यानं ऐकलं नाही की लगाम खेचायचा, टाच मारायची, चाबूक दाखवायचा, आणि ऐकलं की खेचणं थांबवायचं. घोड्याला काय मिळायचं, तर त्रास थांबला एवढंच. मग एका हिवाळ्यात बाहेरगावची एक बाई काही दिवस आमच्याकडे राहिली. तिच्या कमरेला गाजराच्या तुकड्यांची पिशवी असे. घोड्यानं हवं ते केलं की त्याच क्षणी ती जिभेनं टाळूवर ‘टक्’ असा आवाज करायची आणि लगेच गाजर द्यायची. घोड्यानं नाही केलं तर रागावणं नाही, ओढणं नाही. ती नुसती थांबायची. आमच्याकडे एक घोडा होता, नाल ठोकायच्या वेळी तो माणसं उधळून लावायचा. ती जायच्या आठवड्यात तो तिच्यासमोर उभा राहून आपणहून एकेक पाय उचलून देत होता, जणू तिला काही दाखवायचं होतं. मी त्या दिवशी दुपारचं जेवायला विसरले.

पुढे आई गेली. बाबा तारकर्लीला एकटे राहिले. उभा जन्म ते मालवाहू बोटीवर होते, वर्षातून थोडे दिवस घरी यायचे; आता कायमचे घरी आले तर घरात कुणी नाही. मी पुणं सोडून आले. आईनं सुरू केलेल्या पाहुण्यांच्या खोल्या चालवायला लागले. चादरी, मासळी, गॅस, पाण्याची टाकी. दिवस भरून जायचा. पण पहाटे जाग आली की नाकाला तबेल्याचा वास हवासा वाटायचा, ओल्या गवताचा आणि गरम लिदीचा. तो वास नसायचा आणि मी उगाच पडून राहायचे.

शेजारच्या वाडीत एक दादा राहतात. त्यांचा टेम्पो आहे, चिरे आणि वाळू वाहतात. पर्यटकांना किनाऱ्यावर फिरवायला म्हणून त्यांनी कोल्हापूरकडून एक घोडी आणली. कुमैत रंगाची, म्हणजे लालसर तपकिरी अंग आणि काळी आयाळ. कान आत वळलेले, टोकं एकमेकांना टेकणारी. दिसायला अशी की माणसानं चालता चालता थांबावं. पण ती किनाऱ्यावर नेली की लाट बघून मागच्या मागे सरायची, दोरी ओढली की मागच्या पायांवर उभी राहायची. तिनं दादांना दोनदा पाडलं. मग ती सुरूच्या झाडाला बांधलेली दिसायला लागली, मान खाली, पाठ समुद्राकडे. मी रोज तिकडून जायचे आणि रोज ठरवायचे की आपण यात पडायचं नाही.

एका सकाळी दादाच आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात आले.

“बाय, तुका घोड्याचा समजता मां? माझी घोडी जरा बघशीत?”

“काय झाला?”

“खुळी आसा ती. पाणी बघल्यान काय मागे सरता, माणूस बघल्यान काय कान पाडता. पोरगे म्हणतत मार, पण माका मारूक होणा नाय.” थोडं थांबून ते हळू म्हणाले, “माका तिचा भय वाटता गो.”

इतक्या मोठ्या माणसानं इतक्या साधेपणानं हे सांगितलं, म्हणून मी हो म्हटलं. त्याच संध्याकाळी घोडी आमच्या विहिरीपलीकडे आली. आम्ही माडांना बांबू बांधून कुंपण केलं, वर माडाच्या विणलेल्या झापांचं छप्पर घातलं. दोरी सोडली तशी ती सर्वांत लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

सुरुवातीला मी काही केलंच नाही. सकाळी आणि उन्हं उतरल्यावर कुंपणाच्या आत एक पाट टाकून बसायचे. तिच्याकडे बघायचे नाही. भाजी निवडायचे, लसूण सोलायचे. बाबा पडवीतून बघत असत.

“काय करतंस थंय?”

“काय नाय. बसलंय.”

“मगे तां घरात बसान कर.”

ती एकेक पाऊल जवळ येत होती, हे त्यांना दिसत नव्हतं. मला पाठीवर जाणवत होतं. एक दिवस मी तवसा चिरत होते. आमच्याकडच्या मोठ्या काकडीला तवसा म्हणतात, तिचा वास लांब जातो. माझ्या कानामागे गरम श्वास आला. मी हललेच नाही. मिशीसारखे राठ केस मानेला लागले. मी जिभेनं ‘टक्’ केलं, तवशाची फोड तळहातावर ठेवली आणि हात मागे नेला. ती दचकून दूर गेली. मग परत आली आणि ओठांनी फोड उचलली. दातांचा कुरुम आवाज अगदी कानाशी झाला. मी सुरी खाली ठेवली.

त्यानंतर तिला ‘टक्’चा अर्थ कळायला वेळ लागला नाही. मासेमारीच्या जाळ्याला तरंगायला नारिंगी गोळे लावतात, त्यातला एक मी काठीला बांधला. तिनं त्याला नाक लावलं की टक् आणि गाजर. आधी ती गोळ्याला घाबरायची, मग हुंगायची, मग मी काठी कुठेही धरली तरी मागोमाग यायची. कळायला लागलं तसा तिचा चेहरा बदलला. घोड्याचा चेहरा बदलतो. डोळ्यांवरची कातडी सैल पडते, खालचा ओठ लोंबतो. आपण काही केलं की काही चांगलं घडतं, ही गोष्ट तिला बहुधा पहिल्यांदाच कळत होती. ती सकाळी माझी वाट बघायला लागली. मी मागचं दार उघडलं की घशातल्या घशात घुरघुरायची. आई शिंगराला बोलावते तसा तो आवाज असतो, बारीक आणि खोल. पाहुण्यांचा नाश्ता करायच्या आधी मी तिच्याकडे जायचे. बाबा चहाची वाट बघत राहायचे, आणि एकदाही त्यांनी ओरडा केला नाही.

कान मात्र ती हात लावू देत नव्हती. कुणीतरी कधीतरी तिचे कान पिरगळून धरले असणार. मी खांद्यापासून सुरुवात केली. खांद्यावर हात, टक्. मानेवर हात, टक्. तिला नको वाटलं आणि ती बाजूला झाली तर मी हात काढून घ्यायचे आणि थांबायचे. मुद्दा तोच होता, की तिचं ‘नको’ मला ऐकू येतं हे तिला कळावं. पावसाळ्यात सुरू केलं ते दिवाळीपर्यंत चाललं. एका सकाळी तिनंच डोकं खाली करून कान माझ्या तळहातात घातला. मऊ, आतून उबदार, वाळलेल्या पानासारखा हलका. मी बोटानं मुळाशी खाजवलं, तर तिनं मान तिरकी करून डोळे मिटले. तिथून पुढे रोज तिला ते हवं असायचं. खाऊ संपला तरी ती जायची नाही.

दादा अधूनमधून येऊन कुंपणाबाहेर उभे राहत.

“गाजरा देवन घोडी शिकता खंय? उद्या गाजर नसला तर?”

“तुमका कोणी बरा केलंत म्हणून सांगितल्यान तर बरा वाटता मां? तसाच तिचा.”

“माका कोण सांगता?” ते म्हणाले आणि हसले. पण दुसऱ्या दिवशी खिशात गाजर घेऊन आले. तिनं कान मागे केले, तर ते माघारी वळायला निघाले. मी म्हटलं, थांबा, तुम्ही पण नुसते उभे राहा. ते खूप वेळ उभे राहिले. शेवटी तिनं त्यांच्या हातातलं गाजर घेतलं आणि त्यांच्या सदऱ्याची बाही चघळली. त्यानंतर घोडी कुणाची, हा विषय आमच्यात निघाला नाही.

समुद्राकडे मी तिला फार उशिरा नेलं. पहाटे, पर्यटक उठायच्या आधी. तोंडावरच्या मोरखीला दोर होता, पण मी तो कधी ताणला नाही. कोरड्या वाळूवर ती सहज चालली. ओल्या वाळूची रेघ आली तशी थबकली. मी तिथेच थांबले. तिला मागे जायचं होतं. आम्ही मागे गेलो. पुन्हा आलो. पुढच्या खुराचं टोक ओल्या वाळूत पडलं, टक्. असं किती सकाळी चाललं ते मी मोजलं नाही. कधी फेस खुराला लागायचा आणि ती उडी मारून मागे सरायची, कधी ती लाटेकडे फुरफुरून बघत राहायची. एक दिवस ओहोटी होती, पाणी आरशासारखं पसरलेलं. मी गुडघाभर पाण्यात उभी होते आणि दोर माझ्या हातातून सुटलेला होता. ती काठावर उभी होती. मी तिला बोलावलं नाही. ती आली. पाण्यात पाय टाकत, प्रत्येक पावलाला थांबत, माझ्यापर्यंत. मग तिनं नाक पाण्यात बुडवलं, खारट लागलं म्हणून वरचा ओठ वर करून दात दाखवले, आणि पुढच्या पायानं पाणी उडवायला लागली. धप्, धप्. मी डोक्यापासून पायापर्यंत भिजले.

मागे वळून बघितलं तर सुरूच्या बनाशी बाबा उभे होते. निवृत्त झाल्यापासून ते किनाऱ्यावर येत नसत. ‘दर्या बघून झालो’ म्हणायचे. त्यांनी फक्त हात वर केला, बोटीवरून धक्क्यावरच्या माणसाला करतात तसा.

त्या हिवाळ्यात आम्ही रोज पाण्यातून चालायचो. मी तिच्यावर बसायला लागले, खोगिराशिवाय, लगामाशिवाय. वजन जरा पुढे केलं की ती चालायची, श्वास सोडला की थांबायची. लोक विचारत, किती वेगानं पळते? आम्ही पळतच नव्हतो. सूर्य वर येईपर्यंत कर्लीच्या खाडीच्या मुखाकडे जायचो आणि परत यायचो. माझ्या आयुष्यात त्याहून मोठं सुख होतं की नाही, मला आठवत नाही.

वैशाखात एका सकाळी फिरून आलो. मी घामानं निथळत होते. कोकणात वैशाखात कोण निथळत नाही? तिच्या मानेवर हात फिरवला तर मान कोरडी. कागदासारखी कोरडी आणि तापलेली. नाकपुड्या फुललेल्या, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. सावलीत उभी केली, पाणी ओतलं, तरी तासभर तिचा श्वास खाली बसेना.

सावंतवाडीहून जनावरांचे डॉक्टर आले. ते मुख्यतः गाईम्हशी बघतात. त्यांनी तपासलं, मग कोल्हापूरच्या घोड्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि तो मोठ्या आवाजावर ठेवला.

“तिला घाम येतो का?” तिकडून आवाज आला.

मी आयाळीखाली हात घातला. तिथे तेवढी किंचित ओल होती. बाकी सगळं अंग सुकं.

“दमट, उष्ण हवेत काही घोड्यांना घाम यायचा बंद होतो,” ते म्हणाले. “अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. खात्रीचं औषध नाही यावर. तिला थंड, कोरड्या हवेत न्या. घाटावर.”

“नाही नेलं तर?”

“या उन्हाळ्यात सांभाळाल कदाचित. दरवर्षी कठीण होईल.”

आम्ही सांभाळलं. छपराखाली पाहुण्यांच्या खोलीतला पंखा लावला. ओली गोणपाटं, विहिरीच्या पाण्याच्या बादल्या, पाण्यात मीठ. दुपारी मी तिच्या अंगावर पाणी ओतत बसायचे आणि बाबा बादल्या भरून द्यायचे. पाऊस आला तेव्हा बरं वाटलं. पाऊस संपला आणि ऑक्टोबरचं ऊन लागलं तेव्हा पुन्हा तेच. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती वाळूत बसली. घोडा असा भरदुपारी माणसांसमोर बसत नाही. मी तिच्या डोक्याशी बसले, तर तिनं जड झालेलं डोकं माझ्या मांडीवर टेकलं. अंगात भट्टी पेटल्यासारखी धग होती. संध्याकाळी वारा सुटला, ताप उतरला, ती उठली. मी मात्र बराच वेळ तिथेच बसून होते.

बाबांनी जेवताना विचारलं, “हय रवली तर काय होतला?”

“फुडच्या उन्हाळ्यात वाचाची नाय.”

“मगे इचार कसलो करतंस? धाड.”

मी ताटातला भात चिवडत राहिले. मग ते म्हणाले, “मी बोटीर जाताना तुझी आवस माझ्यासमोर कधी रडाक नाय. माझा ताट वाढी, पिशवी भरून देय. मी गेल्यावर रडी होती काय, माका म्हायत नाय.”

मला माहीत होतं. बाबांची गाडी वळणावर गेली की आई परसात जाऊन आधीच घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची. मी तिच्या शेजारी उभी राहायचे आणि ती मला राखेचा हात लागू नये म्हणून कोपरानं दूर ढकलायची. हे मी बाबांना सांगितलं नाही. ते सांगायचं होतं तर आईनं सांगितलं असतं.

पुण्यातल्या ओळखीतून एक जागा कळली. सातारा जिल्ह्यात, माळावर एक नवरा-बायको म्हातारे आणि टाकून दिलेले घोडे सांभाळतात. त्यांच्याकडे चाबूक नाही. मी फोनवर त्या बाईंशी खूप बोलले. त्या म्हणाल्या, “पाठवायची घाई करू नका. पण उशीरही करू नका.” ऑक्टोबरचं ऊन लागायच्या आत तिला वर न्यायचं ठरलं.

आता प्रश्न होता टेम्पोचा. दादा म्हणाले, “हिका हाडली तेव्हा चार माणसांनी दोरयेन ओढून चढयली. अर्धो दिस गेलो. शेवटाक पाय रक्तबंबाळ.” ते मान हलवत म्हणाले, “तसा मी परत करूचय नाय.”

“तसा करूचा नायच,” मी म्हटलं. “ती आपण चढतली.”

दादांनी टेम्पो आमच्या वाडीत आणून उभा केला. फणसाच्या फळ्यांचा उतार तयार केला, पाय घसरू नये म्हणून त्यावर काथ्याची चटई ठोकली. श्रावण चालू होता. वर ताडपत्री बांधली आणि पावसाच्या मधल्या उघडिपीत आम्ही शिकायला लागलो. फळीवर नुसतं नाक लावलं, टक्. एक खूर ठेवला, टक्. फळी वाजली म्हणून घाबरली, उतरली, उतरू दिली. पुढचे दोन पाय. मग सगळी आत आणि लगेच बाहेर. बाहेर यायची मोकळीक होती, म्हणून ती आत जायला लागली. बाबा टेम्पोशेजारी खुर्ची टाकून बसत. भाद्रपदात असं झालं की सकाळी मी कुंपण उघडलं तर ती थेट टेम्पोत जाऊन उभी राही आणि मागे वळून माझ्याकडे बघे, गाजर कुठे आहे म्हणून.

ती इतकी छान शिकत होती की मला आनंद व्हायचा. शिकवणाऱ्याला होतोच. आणि त्याच क्षणी तो मावळायचा, कारण आम्ही काय शिकतो आहोत हे आमच्या दोघींपैकी एकीलाच ठाऊक होतं.

मग दादांनी इंजिन चालू करून ठेवलं. मग टेम्पो जरासा पुढे घेतला. मग मालवणच्या रस्त्याला लागून देवळापर्यंत जाऊन परत. मी मागे तिच्याजवळ उभी. दर खेपेला फेरी आमच्याच वाडीत संपायची, ती फळीवरून उतरायची आणि विहिरीशी जाऊन पाणी प्यायची. तिच्या दृष्टीनं टेम्पो म्हणजे घरी परत येणारी गोष्ट होती.

जायच्या दिवशी उजाडायच्या आधी उठले. तिचा खरारा केला, आयाळ विंचरली. कानाच्या मुळाशी खाजवलं. बाबांनी स्वतः तवसा चिरून आणला होता. एरवी ते तिच्या फार जवळ जात नसत. त्या दिवशी तिच्या कपाळावर तळहात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, “थंय वारो बरो आसा. बरी रव.”

मी फळीच्या बाजूला उभी राहिले. दोर तिच्या मानेवर टाकलेला होता. ती हुंगत आली, फळीवर चढली, आत गेली आणि वळून बघू लागली. दादा मागचं दार लावायला पुढे झाले आणि लावेनात.

“आपसूक चढली गो, बाय,” ते म्हणाले. “कोणी हात लावल्यान नाय.” आणि त्यांनी गळ्यातल्या पंच्यानं तोंड पुसलं.

फोंडाघाटाच्या माथ्यावर आम्ही थांबलो. मी मागे चढले. हवा गार होती, हिरव्या गवताचा वास येत होता. तिनं मान उंच केली, नाकपुड्या फुलवल्या आणि एकदाच मोठ्यानं खिंकाळली. इतक्या मोठ्यानं ती आमच्याकडे कधी ओरडली नव्हती. मला वाटलं, हिला ही हवा ओळखीची आहे. ही आपल्या मुलखात आली. आमच्याकडे ती पाहुणी होती, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

माळावर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. ती फळीवरून उतरली आणि पाणी शोधत इकडेतिकडे बघू लागली. विहीर नव्हती. दूरवर घोडे चरत होते, त्यातल्या एका पांढऱ्या म्हाताऱ्या घोडीनं मान वर केली. मी तिथल्या बाईंना गाजरं कशी कापायची, कान कुठे खाजवायचे, ते सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, जणू त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मग म्हणाल्या, “आता तुम्ही जा. ती चरायला लागली आहे, तेवढ्यात जा.”

परत येताना रिकामा टेम्पो खडखडत होता. राधानगरीच्या पुढे कुठेतरी चहाला थांबलो तेव्हा दादा म्हणाले, “माका वाटला होता, मी ती पैशाक हाडली. पण तसा नव्हता, गो. लहान असताना सावंतवाडीत एकदा घोडो बघल्लंय. तेवापासून मनात होता.” मग ते चहात बघत राहिले.

गेल्या माघात मी तिला भेटायला गेले. त्याआधी जायचं टाळलं होतं. तिला तिथे रुळू द्यायचं होतं, आणि मलाही. माळ पिवळा पडला होता. घोडे लांब होते. मी कुंपणाच्या आत जाऊन उभी राहिले. तिनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा चरायला लागली. माझा धीर सुटत चालला होता. मग ती आली. घाईनं नाही, चरत चरत, मधेच थांबत. माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली आणि सगळं वजन टाकलं. मी तिच्या मानेखाली हात घातला. मान ओली होती. सकाळी ती इतरांबरोबर दौडली होती, आणि छातीवर वाळलेल्या घामाचं पांढरं मीठ दिसत होतं. मी तो हात बराच वेळ पुसला नाही.

थोड्या वेळानं पांढरी घोडी पाण्याकडे निघाली, बाकीचे तिच्यामागून. ती एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली. मी आवाज केला असता तर ती थांबली असती, हे मला पक्कं माहीत होतं. मी तोंड बंद ठेवलं. ती गेली. चालता चालता धावायला लागली, आणि धावताना इतकी मोकळी दिसली की जणू मी तिला पहिल्यांदाच बघत होते.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, “तुका वळाखल्यान?”

“वळाखल्यान.”

“मगे?”

“मगे गेली. बाकीच्यांबरोबर.”

त्यांनी मान हलवली आणि पडवीतला दिवा लावला.

परवा दादा म्हणाले, “दुसरो घोडो हाडूया काय गो? ह्या खेपेक हयच्या हवेक मानवणारो बघू.” मी नको म्हटलं. मग म्हटलं, बघू.

पहाटे मी अजून किनाऱ्यावर जाते. कधी एखादी पाहुणी सोबतीला येते. परवा एकीनं विचारलं, तुम्ही अशा बाजूला बाजूला का चालता? मी बघितलं तर खरंच, माझ्या उजव्या अंगाला एका घोड्याएवढी जागा मी मोकळी ठेवली होती. उजवा हात दोर धरल्यासारखा कोपरात दुमडलेला होता. मी तो खाली सोडला आणि तिला म्हटलं, या, इकडे उजवीकडून चला, इथे वाळू घट्ट आहे. थोडं चाललो, बोललो. बोलता बोलता ती पुन्हा माझ्या डाव्या बाजूला गेलेली होती, आणि मला कळलंही नव्हतं मी तिला कधी तिकडे सारलं ते.